दर बुधवारी, जनावरांच्या दवाखान्यात

"खाली उतरा! ती भिंत बकरीचंसुद्धा वजन पेलत नाही."

मी दचकले. एका हातात फोन आभाळाकडे उंचावलेला, दुसऱ्या हातात छत्री, आणि मी जनावरांच्या दवाखान्याच्या कुंपणभिंतीवर उभी! भुरभुर पाऊस पडत होता. फोनच्या पडद्यावर एका प्रौढ बाईंचा चेहरा तोंड अर्धवट उघडं ठेवून गोठला होता.

"सरळ माझं वजन विचारा की!" मी वरूनच म्हटलं.

"वजन नाही विचारत हो. भिंतीचं वय सांगतोय."

खाली तो उभा होता. बाह्या दुमडलेल्या, स्वेटरवर कुठल्या कुठल्या प्राण्यांचे केस, आणि काखेत एक कोकरू. दोघंही माझ्याकडे सारख्याच काळजीनं बघत होते.

"नेटवर्क शोधताय का?"

"सापडलं होतं. तुम्ही ओरडलात... पळालं ते."

तो हसला. मोकळं, सगळ्या चेहऱ्यानं. मग त्यानं कोकरू दुसऱ्या काखेत घेतलं आणि मला उतरायला हात पुढे केला. "आत वायरचं इंटरनेट आहे. औषधांची नवीन खोली रिकामीच असते. या."

"काम खाजगी आहे."

माझा चेहरा ओला होता. त्यातला पाऊस किती आणि बाकीचं किती, हे त्याला कळलं की नाही कोण जाणे. तो एवढंच म्हणाला, "मग दार आतून लावून घ्या. मी बाहेर आहे."

असा तो पहिला बुधवार.

आमच्या घाटात बस चालवणारी मी पहिली बाई. डेपोत मला सगळे 'पायलट' म्हणायचे. आधी चिडवायला, नंतर खरंच. मग एके दिवशी वळणावर डोंगरातून दगड आले. बस फरफटत कडेला गेली आणि पुढचं एक चाक चक्क हवेत! मी ब्रेकवर पाय रोवून बसले आणि ओरडत राहिले, मागच्या दारानं उतरा, हळू उतरा. शेवटचा माणूस उतरेपर्यंत मी तो पाय हलवला नाही. सगळे वाचले. माझा सत्कार झाला, भाषणं झाली, पेपरात फोटो आला. बाबांनी तो फोटो येईल त्याला दाखवला.

आणि मी मात्र पुन्हा बसमध्ये चढू शकले नाही. ड्रायव्हरच्या जागेवर बसलं की उजवा पाय लाकडासारखा व्हायचा. घरात पातेलं पडलं तरी छातीत धडधड. साहेबांनी मला चौकशीच्या खिडकीत बसवलं. "सगळे सुखरूप आहेत, तूही धडधाकट आहेस, मग तुला झालंय तरी काय गं?" आई विचारायची. तिचंही चूक नव्हतं. मलाच कळत नव्हतं मला काय झालंय.

कळलं ते गावातल्या माणसांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांमुळे. "ही जखमच आहे," ते म्हणाले. "मनाला झालेली. बरी होते. पण अशा आघातांवर काम करणाऱ्या बाई लांबच्या शहरात आहेत, दिवसभराचा प्रवास." प्रवास बसचा! मला हसू आलं आणि रडूही. मग कळलं की त्या व्हिडिओवरूनही उपचार करतात. फक्त दर बुधवारी दुपारी एक शांत खोली हवी, दार लावता येईल अशी, आणि न तुटणारं नेटवर्क. आमच्या घरात आई, बाबा, दादा, वहिनी आणि मी. भिंती अशा की दादा शिंकला तर शेजारीण 'शतायुषी हो' म्हणते. आणि नेटवर्क गावाबाहेर, त्या भिंतीवर.

औषधांच्या खोलीतल्या खोक्यांवर फोन टेकवून मी बोलायला लागले. "पाय जमिनीवर टेकवा," बाई सांगायच्या. "आता खोलीत काय काय दिसतंय ते सांगा. तुम्ही घाटात नाही, इथे आहात, हे शरीराला कळू दे."

"खोकी... वजनकाटा... गाभण म्हशीचं एक चित्र..."

"आणखी?"

"खिडकीबाहेर एक डॉक्टर. मेंढीची लोकर कापतोय. मेंढीला पसंत दिसत नाही."

बाई हसल्या. मीही हसले, कितीतरी दिवसांनी. पण लोकर कापायच्या त्या मशीनची घरघर तासभर चालूच राहिली. बोलून झाल्यावर मी बाहेर आले तर मेंढी पार उघडीबोडकी आणि ओशाळलेली.

"तासभर एकच मेंढी?" मी विचारलं.

"मोठी मेंढी आहे."

ती मांजरापेक्षा थोडीच मोठी होती. तेवढ्यात माझं लक्ष ओसरीतल्या बाकाकडे गेलं. आपापली जनावरं घेऊन माणसं बसली होती आणि बाकाची पाठ नेमकी औषधांच्या खोलीच्या भिंतीला टेकलेली. मशीन चालू असताना तिथे आतलं अक्षर ऐकू गेलं नसतं... त्या दिवशी मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. डोळे शांत होते. कान जरा मोठे, आणि बघितलं की लाल होणारे.

पुढे मेंढ्या संपल्या. मग त्यानं दवाखान्यातल्या कुत्र्याला धरलं.

"थंडीत कुणी कुत्र्याचे केस कापतं का, डॉक्टरसाहेब?"

"म्हणून तर त्याला माझा मफलर गुंडाळलाय."

उपचार म्हणजे काही जादू नव्हती. कधी मी आतून हलकी होऊन यायचे, कधी पार पिळून निघाल्यासारखी. बाई मला तो प्रसंग पुन्हा पुन्हा, सावकाश, डोळ्यांपुढे आणून सांगायला लावत. कितीदा मध्येच थांबले. कितीदा म्हटलं, पुरे, पुढच्या वेळी नाही येणार. बाहेर आले की तो चहाचा कप पुढे करायचा. पाकासारखा गोड चहा. विचारायचा काहीच नाही.

"तुम्ही कधी काही विचारत कसं नाही?" एकदा मीच म्हटलं.

"माझे पेशंट बोलत नाहीत. सवय झालीय."

"मग कुठे दुखतंय ते कसं कळतं?"

"हात ठेवून बघावं लागतं." आणि मग एकदम... कान लाल. "म्हणजे... जनावरांना!"

"मी कुठे काय म्हटलं?" मी कपात तोंड लपवलं.

मग मीच त्याला सगळं सांगितलं. दगड, चाक, पाय. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "पायलट, इथे येऊन हे परत परत बघायचं म्हणजे... त्या दिवसापेक्षा याला जास्त छाती लागत असेल." सत्काराच्या भाषणांत कुणी असं बोललं नव्हतं. घरी जाताना माझी पावलं जमिनीला लागत नव्हती.

पण गावाला डोळे असतात आणि डोळ्यांना तोंड. वहिनी एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "लोक बोलतायत हं." मी कानाडोळा केला. पुढच्याच बुधवारी ओसरीत भरगच्च गर्दी होती. कोपऱ्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशी शेळी घेऊन बसल्या होत्या. मला बघताच त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय गं, दर बुधवारी तुझं कोणतं जनावर आजारी असतं?"

बाकावर खसखस पिकली. आणि तेवढ्यात तो आतून आला, हातातलं इंजेक्शन तसंच धरून, आणि म्हणाला, "मावशी, ती मला भेटायला येते. आमचं... ठरलंय."

सगळे माना वळवून बघायला लागले. शेळीसुद्धा.

खरं सांगू? हे शब्द त्याच्या तोंडून ऐकायला मी किती दिवस आसुसले होते! आणि आले ते असे, एखाद्या उघड्या जखमेवर घाईघाईत फडकं टाकावं तसे. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"नाही मावशी," मी म्हटलं. आवाज थरथरत होता, पण होता. "आमचं काही ठरलेलं नाही. मी इथे उपचार घ्यायला येते. घाटातल्या त्या दिवसानंतर मला झोप लागत नाही, बस चालवता येत नाही. शहरातल्या एक तज्ज्ञ बाई फोनवरून माझ्यावर उपचार करतात, आणि मी बरी होतेय. आजारी जनावर विचाराल तर मीच."

कुणी हसलं नाही. मावशी शेळीची दोरी बोटाला गुंडाळत बसल्या. त्याही त्या दिवशी बसमध्ये होत्या, चौथ्या का पाचव्या बाकावर.

"मला अजून तो दगडांचा आवाज येतो गं," त्या हळूच म्हणाल्या. "मशीनवर बसले की मध्येच येतो. सुई बोटात जाते. मला वाटलं, वय झालं... त्या बाई मलाही बघतील का?"

मी त्यांच्या शेजारी बसले. "विचारते आजच," म्हटलं. माझी मान त्या सत्काराच्या दिवशीही इतकी ताठ नव्हती.

बाईंशी बोलून बाहेर आले तेव्हा तो अंगणात उभा होता. हातात मशीन नाही, चहा नाही.

"मी तुम्हाला वाचवायला गेलो," तो म्हणाला.

"कशापासून?"

"लोकांपासून."

"तुमच्याशी ठरणं हे अब्रूचं, आणि उपचार घेणं हे लपवायचं? असंच ना?"

त्यानं मान खाली घातली. सबब शोधत नव्हता, हे मात्र दिसत होतं. "चुकलंच," तो म्हणाला. "तुम्ही इतक्या मेहनतीनं जे करताय, त्याच्यावर मी पडदा टाकला. आणि ते दुसरं... ते असं बोलायची गोष्ट नव्हती. पुन्हा नाही बोलणार."

आणि मेला खरंच बोलला नाही! आठवड्यामागून आठवडे गेले. मावशींची पाळी माझ्यानंतर लागली. त्यांच्या वेळी तो इमानेइतबारे कुत्र्याला आंघोळ घालत असे, बादल्या आपटत. त्या दिवशी अंगणात मी रागावून 'खोली हवीय, तुम्ही नकोत' म्हणून बसले होते, आणि तो ते अक्षरशः पाळत होता. राग कधीच गेला होता. पण सांगायचं कोणी?

इकडे मी डेपोच्या आवारात बस फिरवायला लागले. आधी नुसती सुरू करून बसायचे. मग एक चक्कर, मग गावातून. पाय ताठायचा. मी थांबायचे, श्वास सोडायचे, बाईंनी शिकवलं तसं आजूबाजूचं बघायचे. पुन्हा निघायचे. साहेबांनी शेजारी बसून परीक्षा घेतली आणि उतरताना फक्त म्हणाले, "पायलट, चौकशीच्या खिडकीत दुसरं कुणीतरी बघावं लागणार."

घाटात जायच्या दिवशी आईनं डबा दिला आणि माझा हात सोडेचना. "नाही गेलीस तरी आम्हाला तेवढंच कौतुक आहे गं," ती म्हणाली. हे तिला म्हणता आलं, यासाठीच मी तिला घट्ट मिठी मारली. मग गेले.

त्या वळणावर पाय ताठला. खोटं नाही सांगणार. बस भरलेली, मागे कुणी बोलत नव्हतं. मी वेग कमी केला. काच, वायपर, समोरचा ओला रस्ता, ऊन पडलेला एक कोपरा... मी आज इथे आहे. ब्रेक लागला. ब्रेक सुटला. वळण मागे गेलं. मग मावशींनी एकटीनंच टाळी वाजवली, आणि सगळी बस वाजवायला लागली. मी आरशात बघितलं नाही. रडताना बस चालवू नये, असा नियम आहे.

वरच्या शेवटच्या थांब्यावर तो उभा होता. बुटांना चिखल, स्वेटरवर गवत.

"इथे कसे?"

"गाय अडली होती वरच्या वस्तीत."

"काय झालं?"

"कालवड. कालच झाली."

"काल! मग आज?"

तो बुटाचा चिखल दगडावर घासायला लागला. उतारू उतरून गेले होते, मावशी मात्र पिशवी शोधत रेंगाळल्या होत्या. पिशवी त्यांच्या हातातच होती.

"तुम्ही वर याल तेव्हा मला बघायचं होतं," तो म्हणाला. "काल खाली गेलो आणि आज पहाटे पायवाटेनं परत आलो. बसनं आलो असतो तर तुम्हाला वाटलं असतं, सांभाळायला आलाय. तुम्हाला कुणी सांभाळायची गरज नाही, हे मला... म्हणजे मी..." तो अडखळला. "अभिमान वाटतो म्हणणार होतो. पण तो तुमचा आहे. त्यात माझा काही वाटा नाही."

त्याचे कान लाल झाले होते. वारा माझ्या केसांत शिरत होता. खाली सगळा घाट पसरला होता, वळणावळणांचा, माझ्या चाकांखालून नुकताच गेलेला. मला वाटलं, आज मी काहीही करू शकते.

"वाटा हवाय का?" मी विचारलं.

"हवाय," तो पटकन म्हणाला. इतका पटकन की दोघंही हसलो.

"मग मी विचारते, कारण तुम्ही एकदा बोललात ते चुकीच्या वेळी, आणि आता मुहूर्त शोधत म्हातारे व्हाल. मी अजून पूर्ण बरी नाही. काही रात्री वाईट जातात. बुधवार चालूच राहतील, आणि ते मी कुणापासून लपवणार नाही."

"लपवू नका."

"लग्न करशील माझ्याशी?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, मलाही कळलं नाही. त्याला मात्र कळलं. तो माझ्याकडे असा बघत राहिला, की त्या बघण्याला नाव नाही.

"करीन," तो म्हणाला. "तुझ्याशी... हो. करीन."

"ऐकलं हो मी!" मावशी पायरीवरून ओरडल्या. "आता माझ्यासमोर ठरलंय. या वेळी खरं!"

परतीची वेळ झाली होती. मी वर चढून माझ्या जागेवर बसले, आणि तो माझ्या मागच्याच बाकावर, खिडकीशी. मी किल्ली फिरवली. बस थरथरली आणि सुरू झाली. उतार पुढे होता, आणि मी निघाले.