करवतीची दुसरी मूठ

संक्रांतीनंतर आठच दिवसांनी गारांसकट वादळ आलं आणि तलमडुगुकडच्या टेकडीवरची, धबधब्याला जाणारी पायवाट आडव्या पडलेल्या झाडांनी बंद झाली. आदिलाबादहून दर रविवारी तिथं चालायला जाणाऱ्या सात-आठ जणांनी मग वनखात्याच्या बीट ऑफिसरची परवानगी काढली. अट एकच, वाट मोकळी करा, पण लाकडाची ढलपीसुद्धा घरी न्यायची नाही.

रुपा आणि गोपाल त्यांच्यातलेच. बाजारात त्यांचं भाजीचं दुकान. पण गोपालचे वडील सुतार, त्यामुळे दोघांनी दोन बाजूंनी ओढायची चार हात लांब करवत घरात होती. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी गोपालनं ती रुपाला शिकवली. आपल्याकडे ओढायचं, पलीकडे ढकलायचं नाही. ओढून झालं की 'घे' म्हणायचं आणि हात सैल सोडायचा. ढकललं की पातं वाकतं, अडकून बसतं. रुपाला हे साधायला दोन वर्षं लागली होती. संसारात अजून साधायचं होतं.

पण गेल्या आठवड्यात टोमॅटोचं क्रेट उचलताना तिच्या उजव्या खांद्यात लचक भरली, आणि करवतीची दुसरी मूठ प्रगतीला मिळाली.

प्रगती शाळेत शिकवायची. तिशीची, मंडळींत नवीन. तिच्या तोंडी गोपाल 'दादा' आणि रुपा 'काकू'. हे नातं कुठून जुळतं ते रुपाला तीन रविवार झाले तरी कळलेलं नव्हतं.

"काकू, तुमी मस्त उनात बसा. दादा शिकवते मले."

"हो ना. शिकवण्यात लई हुशार हायेत ते," रुपा म्हणाली.

वाटेत मोहाचं जुनं झाड पडलं होतं. आडवं खोडच छातीला लागेल एवढं, वर माहुलीच्या वेलींचं जाळं. गोपाल अलीकडे उभा राहिला, प्रगती पलीकडे गेली आणि वेलींमागं दिसेनाशी झाली. रुपा वळणावरच्या दगडावर, डाव्या हातानं बारक्या फांद्या गोळा करत.

आधी करवत खरखरली, अडकली, पुन्हा अडकली. "ढकलू नको," गोपालचा आवाज. रुपाला बरं वाटलं. एवढं बरं वाटायला नको होतं, पण वाटलं.

मग करवत थांबली, गोपाल पलीकडे हळू काहीतरी बोलला. आणि मग करवत चालायला लागली.

चालायला म्हणजे कशी, ताक घुसळल्यासारखी. लांब, मऊ, एका दमात. भुसा गोपालच्या पायांवर सांडत होता. "घे," तो म्हणायचा. पलीकडून बारीक आवाजात "घे." मध्येच तो हसला. खोडावर वाकून काहीतरी बोलला, पुन्हा हसला. घरी हा माणूस दिवसातून तीन वाक्यं बोलायचा, त्यातली दोन मेथीबद्दल.

दोन वर्षं लागली होती मला, रुपाच्या मनात आलं. हिला अर्धा तास.

तिला ते बघवेना. ती उठून खाली चहाकडे गेली. तिथं मंडळींतले सर्वांत वडील पांडुरंगराव स्टोव्हला पंप मारत होते. बाकीचे सगळे त्यांच्याभोवती बसले होते.

प्रगतीसुद्धा. ती हाताला आलेला फोड गार पाण्यात बुडवून बसली होती.

"तू इथं?" रुपा म्हणाली.

"मी तर कवाची इथंच हाओ, काकू. पल्याडच्या बाजूनं उतरली. नाही जमत मले. दादाच म्हणाले, रुपा आली, तू जा."

"मी?"

"अवो, निघताना ऐकलं ना मी. 'घे' म्हणाल्या तुमी."

पांडुरंगरावांनी कप पुढं केला. "काऊन रुपाबाई, दुखून राह्यलं का खांद्यात? तोंड उतरलं."

रुपानं माणसं मोजली. गोपाल सोडून सगळे इथं होते.

वरून करवतीचा आवाज येत होता. लांब, मऊ.

ती वर गेली. ह्या खेपेला झाडाच्या पलीकडून, काटे बाजूला सारत. आवाज चालूच होता. तिनं वेली दूर केल्या, तेव्हा थांबला.

कोणी नव्हतं.

पातं खोडात अर्ध्याच्या वर उतरलेलं. खाली भुशाचा ढीग. तिनं मुठीला हात लावला. जानेवारीच्या त्या गारठ्यात मूठ गरम होती.

दुसरी कोणी पळाली असती. रुपाला आधी राग आला. तिनं दोन्ही हातांनी मूठ धरली आणि ओढली. खांद्यातून कळ गेली. हात आखडला, पातं वाकलं, अडकलं.

"प्रगती, परत आली का तू?" खोडापलीकडून गोपाल म्हणाला. "ढकलू नको बाई. बाजूला हो. रुपाला घेऊ दे. एवढ्या वर्षांत अशी ओढली नव्हती तिनं."

मीच हाओ, असं म्हणायला रुपानं तोंड उघडलं.

कानाशी, अगदी जवळून, कोणी तरी म्हणालं, "सरक."

आवाज तिचाच होता. फक्त जरा गोड.

विचार करायच्या आत रुपाचे पाय दोन पावलं बाजूला झाले होते, आणि करवत पुन्हा चालू लागली होती.

"हां," गोपाल समाधानानं म्हणाला. "आता जमलं."