कोल्ड हॉर्नवर पुढे गेलेली ग्वेन

ऐकीव गोष्टी मी सांगत नाही. पण हे जिच्यासोबत घडलं ती नोरीन माझ्या बायकोची सख्खी मावशी आहे. तोंडानं फटकळ, पण खोटं बोलणं तिला जमतच नाही.

आणि ही रात्रीची गोष्टही नाही.

मार्चमधला शनिवार. भर दुपार. ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरांतलं एक शिखर, कोल्ड हॉर्न.

आमच्याकडे हिवाळ्यात शिखरं करायचं वेडच आहे. बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटांखाली रुंद, जाळीदार स्नोशू अडकवायचे आणि बर्फ तुडवत ठरलेल्या यादीतलं एकेक शिखर पुरं करायचं. नोरीन आणि ग्वेन या दोघी मैत्रिणींनी अख्खी यादी जोडीनं केली होती. उरलं होतं फक्त कोल्ड हॉर्न. मुद्दाम राखून ठेवलेलं. माथ्यावर दोघींनी एकदमच पाय ठेवायचा, असं ठरलेलं.

हिवाळा संपायला दोनच दिवस उरले होते. त्यानंतर केलेलं शिखर यादीत धरत नाहीत. नोरीननं साठी ओलांडलेली. पुढच्या वर्षी अंगात तेवढी ताकद असेल की नाही, कुणी सांगावं?

आणि नेमका त्या सकाळी ग्वेनचा फोन आला.

"अगं, मला नाही जमणार. गुडघा टम्म सुजलाय."

"आजच बरा सुजला!"

"मी काय मुद्दाम सुजवला का? हे बघ, तू एकटी जाऊ नकोस हं. पुढच्या वर्षी जाऊ."

"पुढच्या वर्षी आपल्याला ढकलगाडीतून न्यावं लागेल."

"मग ढकलगाडीतून जाऊ. पण दोघी."

नोरीननं फोन ठेवला. अर्धा तास स्वयंपाकघरात धुसफुसत फिरली. मग थर्मासमध्ये टोमॅटोचं सूप भरलं आणि निघाली.

कुणालाही न सांगता.

डोंगराच्या पायथ्याशी एकही गाडी नव्हती. रात्रभर बर्फ पडून सगळं कोरं झालेलं. पण वाटेवर...

कुणीतरी नुकतंच वर गेलं होतं.

स्नोशूचे ताजे ठसे. उजवा सरळ. डावा बाहेर फेकलेला, मागे शेपटासारखी रेघ ओढणारा.

नोरीन जागच्या जागी थिजली. इतके हिवाळे तिनं मागून हीच चाल पाहिली होती.

"भवाने!" ती मोठ्यानं म्हणाली. "गुडघा सुजलाय म्हणे!"

हिला नवऱ्यानं आणून सोडलं असणार. मला घरी बसवून स्वतः आधी माथा गाठायचा बेत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागानं आलं की दुःखानं, तिचं तिलाच कळेना.

ती त्या मागावरून चढायला लागली.

तुडवलेली वाट मिळाली की आमच्याकडचा माणूस नकाशा उघडत नाही. पुढचा वाट पाडतो, मागचा डोळे मिटून त्याच्या पावलात पाऊल टाकतो. पुढचा थकला की एक पाऊल उजवीकडे सरकून उभा राहतो. मागच्यानं काही न विचारता पुढे व्हायचं. ग्वेन अशी सरकली की म्हणायची, "चल, आता तुझा नंबर." आणि नोरीन मान खाली घालून पुढे व्हायची. कधी वर पाहिलंसुद्धा नाही तिनं.

वळणापलीकडून आवाज येत होता.

टक... टक... टक...

स्नोशूची टाच आपटल्याचा.

नोरीननं वेग वाढवला. आवाज तेवढाच लांब राहिला.

"ग्वेन! थांब की! तोंड दाखवायची लाज वाटते का?"

पुढून फक्त टक... टक...

झाडांच्या फांद्या बर्फानं वाटेवर वाकल्या होत्या. पुढच्याच्या धक्क्यानं आधीच झडायला हवा होता, तो बर्फ प्रत्येक फांदीवरून नोरीनच्या मानेवर कोसळत होता. ठशांच्या बाजूला हातातल्या काठ्या टेकल्याची भोकंही नव्हती. ग्वेन तर काठ्यांशिवाय अंगणातही उतरत नाही. हे सगळं तिला दिसत होतं. पण राग डोक्यात गेला होता.

झाडं संपली. धुकं उतरलं. वर पांढरं, खाली पांढरं.

टक... टक...

आणि आवाज थांबला.

ठसे तिच्या समोर चार हातांवर संपले होते. शेवटचे दोन... एक पाऊल उजवीकडे सरकलेले.

पुढचा बर्फ कोरा.

तिथे कुणीच नव्हतं. पण अगदी कानाशी, धापा टाकल्यासारखा आवाज आला.

"चल... आता तुझा नंबर."

ग्वेनचाच आवाज.

नोरीन सांगते, माझा पाय उचललाच गेला होता. सवयच तशी. पण तेवढ्यात पोटातून असा संताप उसळला की ती जागीच किंचाळली.

"नाही होत मी पुढे! चोरून आलीस ना? मग तूच जा! घाल ते शिखर तुझ्या डोक्यावर!"

आणि तिनं हातातली काठी पुढे भिरकावली.

काठी बर्फात रुतली. एक क्षण तशीच उभी राहिली.

मग धप्प असा आवाज झाला आणि समोरचा सगळा बर्फ खाली गेला.

खाली काहीच नव्हतं. कड्याच्या बाहेर वाऱ्यानं साचवलेली ती नुसती बर्फाची कड होती. खरा माथा मागे, डावीकडे राहिला होता.

नोरीन मटकन खाली बसली. उजवीकडे पाहिलं.

ते दोन ठसे आता तिच्याकडे वळलेले होते.

ती कशी उतरली, तिला धड आठवत नाही. एवढंच आठवतं की उतरताना वाटेवर एकच माग होता.

तिचा स्वतःचा.

ती थेट ग्वेनच्या घरी गेली. ग्वेनच्या नवऱ्यानं, ड्वाइटनं, दार उघडलं. "बरं झालं आलीस. समजव जरा हिला. सकाळपासून सोफ्यावरून हलता येत नाहीये, तरी डॉक्टरकडे चल म्हटलं की अंगावर येते."

ग्वेनचा गुडघा खरंच भोपळ्याएवढा झाला होता. नोरीनला लाज वाटली. बिचारीला काय काय बोललो आपण!

पण ग्वेननं वर पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मला वाटलं... तू आता येत नाहीस."

"कुठून?" नोरीननं विचारलं.

ग्वेननं गुडघ्याखालची उशी सरकवली.

"कुठून, ग्वेन? मी गेले होते हे कुणालाच माहीत नाही."

ग्वेननं ड्वाइटकडे पाहिलं. मग तोंडावर हात ठेवून रडायला लागली. का रडते, ते तिनं सांगितलं नाही. आजतागायत नाही.

दोघी अजून एकाच गल्लीत राहतात. बोलत नाहीत.

"डोंगरावर असेल काहीतरी," मावशी मला म्हणते. "असतं रे. त्याचा मला राग नाही. पण ग्वेनची चाल त्याला शिकवली कुणी?"



परवा ग्वेन दुकानात भेटली. काठी न टेकता चालत होती. थांबून, हसून म्हणाली, "नोरीनला विचार ना, कोल्ड हॉर्न राहिलंय अजून. या हिवाळ्यात येतेस का म्हणावं?"

मी मावशीला अजून विचारलेलं नाही.