जांभळाची मुळं आणि गढूळ पाणी

बोरखळच्या तळ्याचा बांध मातीचा. त्याच्या पायथ्याशी कित्येक वर्षं पाणी झिरपत होतं, पण पहाऱ्यावरच्या घोरपडीनं त्याबद्दल चकार शब्द काढलेला केतकीनं कधी ऐकला नव्हता. घोरपड म्हणजे बांधाला चिकटून फिरणारा रोबो. आज मात्र वाटीभर गढूळ पाणी काय आलं, तिनं होड्यांची शर्यत बंद केली, तळ्याचं पाणी उतरवायला घेतलं आणि वर केतकीचं जांभूळ उपटायला निघाली. केतकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बोरखळात मूल जन्मलं की त्याच्या नावानं बांधावर झाड लावायची रीत होती. केतकीचं जांभूळ आजोबांनी लावलेलं. आजोबा आता नव्हते, झाड होतं.

"हात लावून दाखव," बुंध्याला मिठी मारून ती म्हणाली. "मुळं माती धरून ठेवतात. दुसरीतलं पोरही सांगेल. डोक्यात भुसा भरलाय का तुझ्या?"

"डोंगरउतारावर धरतात, जिवंत असेपर्यंत," घोरपड म्हणाली. "इकडे बघ."

शेजारचं झाड चुलतभावाचं, ऋतुराजचं. ते वाळल्यावर कापलं होतं, मुळं तशीच मातीत. घोरपडीनं एक मूळ उकरलं. साल शाबूत, आत पोकळ. तिनं एका टोकातून स्वच्छ पाणी ओतलं, दुसऱ्या टोकातून चहाच्या रंगाचं बाहेर आलं.

"मातीच्या बांधाला थोडा पाझर (झिरपणारं पाणी) असतोच. तो स्वच्छ असेल तर माती जागेवर आहे. गढूळ झाला, म्हणजे पाणी आतली माती घेऊन चाललंय. ही अंतर्गत धूप (आतून माती वाहून जाणं). भोक मोठं होतं, मग पाणी वाढतं, मग माती आणखी जाते. एक दिवस बांध बसतो. खाली तुमची वस्ती आहे. तुझं जांभूळही कधीतरी मरेलच."

"मग आधी का नाही बोललीस?"

"दरवर्षी होडी मंडळाला सांगितलं, बांधावरची झाडं काढा. म्हणाले, तळ्याची शोभा जाईल."

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे केतकीचे बाबा. काठावर ते पाहुण्यांना 'किरकोळ दुरुस्ती आहे' असं सांगत होते. केतकी तरातरा तिथं गेली.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं. शोभेसाठी अख्खी वस्ती बुडवणार होता?"

केतकीनं बांधाकडे बोट दाखवलं.

"माझं झाड आधी काढा. मुळांसकट. आणि खड्डा माती ठोकून भरा."

जांभूळ निघालं, मागोमाग ऋतुराजच्या झाडाची पोकळ मुळंही. केतकी रडली, आणि रडत रडतच तिनं बुंध्याखालचं वीतभर रोप उचलून शाळेमागे लावलं, बांधापासून लांब.

"राग गेला?" घोरपडीनं विचारलं.

"नाही. तुझ्यावरचा गेला."

बांधावर आता फक्त गवत लावायचं ठरलं. पाझर स्वच्छ झाला की होड्या पुन्हा निघतील. तोवर रोज रोपाला पाणी घालायचं काम बाबांकडे आलं. केतकीनं त्यांना विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.