प्रेसमध्ये टाकलेला कोट

"वहिनी, माझं अख्खं करिअर तू लाँड्रीत टाकलंस!"

आयर्लंडमधल्या ब्लँचर्डस्टाउनच्या त्या घरात वसुधेने अजून मास्कही काढला नव्हता, तोच धाकट्या दिराचे शब्द तिच्या काळजात घुसले... नर्सिंग होममधली बारा तासांची पाळी संपवून, दोन बस बदलून ती आली होती, आणि समोर परेश संतापाने वाट अडवून उभा होता!

एम.एस्सी. झाल्यावर आयर्लंडमध्ये राहून नोकरी करायची, तर निकालाचं पत्र आल्यापासून सहा महिन्यांत व्हिसाचा अर्ज करावा लागे. हे महाशय मात्र कोविडमुळे लांबत चाललेल्या पदवीदानाची वाट बघत बसले! मुदत निकालापासून मोजतात हे त्याला कळलं काल, आणि मुदत संपत होती आज. पत्र होतं इंटरव्ह्यूच्या कोटाच्या खिशात, आणि कोटाचा पत्ता नव्हता. दुसरी प्रत मागावी तर कॉलेज बंद, मेलला उत्तर नाही.

"कोट कुठंय, असं मी विचारलं होतं तुला," सासूबाई कडाडल्या. साताऱ्याहून आलेल्या अलकनंदाबाई विमानं बंद झाल्याने इथेच अडकल्या होत्या. "प्रेसमध्ये टाकलाय म्हणालीस. ती लाँड्री कधीच बंद पडली! स्वतःचं शिक्षण झालं नाही, म्हणून दिराचं डोळ्यांत खुपलं का गं?"

वसुधेचे डोळे भरून आले... आणि भरल्या डोळ्यांनीच ती खुदकन हसली.

"अहो आई, इथे कपाटाला प्रेस म्हणतात! कामावर दिवसभर तेच ऐकते, तेच तोंडात बसलंय!"

ती धावत जिना चढली, मागोमाग ती दोघंही. गरम पाण्याच्या टाकीचं उबदार कपाट, म्हणजे इथला हॉट प्रेस, तिने उघडलं. टॉवेलांमागे कोट लटकत होता.

"पावसात भिजवून आणला होतास. वाळत घातला तो राहिलाच."

खिशात पत्र होतं, अगदी कोरडं! पण परेशने कोट ओढला तसा मागे खोचलेला आणखी एक लिफाफा खाली पडला. त्याने वाचलं... डंडॉकच्या कॉलेजात प्रवेश निश्चित, सप्टेंबर २०१९, नाव वसुधेचं! पैशांअभावी त्या वर्षी घरातलं एकच माणूस शिकू शकणार होतं. हे ठाऊक होतं फक्त तिच्या नवऱ्याला, चारुदत्तला, आणि त्याला तिने शपथ घातली होती.

"वहिनी... माझ्यासाठी?" परेश तिच्या पायांशी कोसळला.

"रडायचं नंतर. आधी अर्ज भर!"

पत्र स्कॅन झालं, अर्ज गेला, आणि पडद्यावर पोच उमटली. मुदतीच्या आत! परेशने आनंदाने आरोळी ठोकली, वसुधेला हुंदका आवरेना.

अलकनंदाबाईंनी तिला घट्ट कुशीत घेतलं. "चुकले गं पोरी... पण आता ऐक. या सप्टेंबरात तू शिकायला जायचंस. डबा मी देईन."

"आणि घराचं मी बघतो," परेश म्हणाला.

सासूबाईंनी तो लिफाफा उचलून सुनेच्या हातात ठेवला.

"आणि हा परत प्रेसमध्ये टाकलास तर बघ!"