सही करण्याआधी

तो दुकानात शिरला तेव्हा त्याचा चष्मा नाकावर नव्हता, रुमालात होता… दोन तुकड्यांत.

"यावर बसलो," तो म्हणाला. "म्हणजे… चष्म्यावर. माझ्याच."

मी हसू दाबलं. चष्म्याच्या दुकानात सात वर्षं काढल्यावर एवढं कळतं, की अशा माणसाला हसायचं नसतं. तो आधीच ओशाळलेला असतो.

"जुना नंबर लक्षात आहे?"

"नाही. पण समोरच्या भिंतीवर तुम्ही आरसा लावलाय की मांजर बसलंय, ते मला सांगता येणार नाही. इतपत आहे."

भिंतीवर घड्याळ होतं.

मी त्याला उंच स्टुलावर बसवलं, तपासणीची जड फ्रेम चढवली आणि एकेक काच घालत गेले. त्याच्या केसांत बाहेरच्या भुरभुर पावसाचे थेंब अडकले होते. लांबचं जमलं. जवळचं वाचायला द्यायचं कार्ड मात्र सापडेना, म्हणून गल्ल्याशेजारी पडलेला एक कागद मी पुढे केला.

"वाचा."

"हक्कसोडपत्र," त्यानं सुरुवात केली. "सदर मिळकतीतील माझा संपूर्ण अविभक्त हिस्सा… कोणताही मोबदला न घेता… कायमचा…" तो थांबला. उणे नंबरच्या काचांमागे डोळे लहान दिसतात. त्याचे तरीही मोठे झालेले मला दिसले. "हे कोणाचं आहे?"

"माझं. शुक्रवारी सही करायचीय. अक्षर स्वच्छ दिसतंय ना?"

"मला दिसतंय. तुम्ही पाहिलंय का?"

मला रागच आला. ओळख ना पाळख, आणि हा माणूस माझ्याच दुकानात बसून मला शहाणपण शिकवणार! "मामानं दिलाय तो कागद. नुसती फॉर्मॅलिटी आहे म्हणालाय. मामावर माझा विश्वास आहे."

"असू द्या की," तो शांतपणे म्हणाला. "विश्वास माणसावर ठेवायचा, आणि कागद वाचायचा. दोन्ही एकाच वेळी करता येतं."

तो जवळच्याच एका वकिलीणबाईंच्या कचेरीत कागदपत्रांचे मसुदे लिहायचा. हे त्यानं पावतीवर पत्ता लिहिताना सांगितलं. 'उद्या या, फ्रेम तयार असेल,' म्हणून मी त्याला वाटेला लावलं, पण ते 'कायमचा' काही माझ्या डोक्यातून जाईना.

आमचं दुकान आजोबांचं. त्यांच्यामागे ते माझ्या आईचं आणि मामाचं झालं, निम्मं निम्मं. बाबा मी लहान असतानाच गेले, आई दोन वर्षांपूर्वी. तेव्हापासून आईचा हिस्सा माझा, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. पण आम्ही हिस्सा वगैरे कधी बोललोच नव्हतो. मामा काचा घासायचा, मी गिऱ्हाइकं बघायचे. दिवसभर पायाला भिंगरी लावून दुकानात फिरते म्हणून तो मला भिंगरीच म्हणायचा. त्याच्याकडे अविश्वासानं बघायचं म्हणजे… छे!

तरीही त्या दुपारी मी तो कागद वाचायला घेतला. पहिल्याच पानावर अकरा शब्द मला कळले नाहीत. मी त्यांच्याखाली पेन्सिलनं रेघा मारल्या.

मंगळवारी तो आला. मी चष्मा त्याच्या नाकावर बसवला, कानामागची काडी जराशी वाकवली. माझी बोटं त्याच्या कानाला लागली आणि त्याचा कान चक्क लाल झाला. मग मलाच काहीतरी बोलणं भाग होतं.

"मोबदला म्हणजे नेमकं काय?"

"काही दिल्याबद्दल जे मिळतं ते. या चष्म्याचा मोबदला म्हणजे मी मोजणार ते पैसे."

"आणि अविभक्त?"

"वाटणी न झालेला. दुकान तुम्हा दोघांचं आहे, पण इथून इथवर तुमचं आणि तिथून पुढे मामांचं, अशी रेघ नाही. या स्टुलातही अर्धा हिस्सा तुमचा."

"कुठला अर्धा?"

"तेच तर. कुठलाही नाही आणि सगळाही."

मला हे भलतंच आवडलं. मला वाटायचं की कायद्याचे शब्द माणसाला घाबरवण्यासाठी बनवलेले असतात. त्याच्या तोंडून ते फोडलेल्या शेंगेसारखे आतून साधे निघत होते.

बुधवारी त्याचा स्क्रू ढिला झाला. गुरुवारी सकाळी चष्मा नाकाला टोचायला लागला.

"या माणसाचा आवाज रोज कसा येतो गं?" आतून मामानं विचारलं. "फ्रेम आपण विकलीय की त्यानं आपल्याला दत्तक घेतलंय?"

तो खोकला. मी स्क्रू शोधायचं नाटक करत काउंटरखाली वाकले. खाली बसूनच विचारलं, "जामीनदार?"

"जामीन राहिलात तर चष्मा दुसऱ्याच्या नाकावरून पडतो आणि काच तुमची फुटते."

"आणि नॉमिनी? तोच वारस ना?"

"नाही हो! सगळ्यांचा हाच घोळ होतो. बऱ्याचदा नॉमिनी नुसता राखणदार असतो. पैसे त्याच्या हातात येतात, पण त्यानं ते खऱ्या वारसांना द्यायचे असतात." तो काउंटरवरून खाली वाकून बघत होता. "तुम्ही प्रश्न विचारताना भुवया एकत्र आणता, माहीत आहे?"

"तुम्हाला तर आरसा आणि मांजर यांतला फरकही कळत नव्हता."

"आता चष्मा आहे ना," तो म्हणाला. "सगळं दिसतंय."

मी उठताना डोकं काउंटरला आपटलं.

त्याच्या हसण्यावर उतारा म्हणून मी तो कागदच त्याच्यापुढे ठेवला. पहिल्या पानामागे आणखी एक पान टाचलेलं होतं, ते मी उघडलंच नव्हतं. ते वाचता वाचता त्याचं हसू मावळलं.

"हे कुलमुखत्यारपत्र आहे. एखाद्याला आपल्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार देतात ते. मामा हे दुकान विकायचा अधिकार एका एजंटला देतायत." तो माझ्याकडे एकटक बघत म्हणाला, "म्हणजे आधी तुमचा हिस्सा मामांकडे जाणार, आणि मग सगळंच त्या एजंटच्या हातात. मामांना हे माहीत आहे?"

मी ते पान त्याच्या हातून घेतलं. मागे न बघता आत गेले.

मामा खिडकीजवळ काच घासत होता. मी दुसरं पान त्याच्या हातात दिलं. "मामा, हे काय आहे ते मला वाचून दाखव."

त्यानं कागद दूर धरला, जवळ आणला. "नाव लावायचा अर्ज आहे. दुरुस्तीसाठी कर्ज काढायचंय, बँकेला मालक एकच लागतो, म्हणून…" तो घडाघडा बोलत होता, पण त्याची नजर ओळींवरून फिरत नव्हती. कोणीतरी पढवलेलं तो म्हणून दाखवत होता.

गेल्या वर्षभरात नंबर माझ्याकडून वाचून घेणं, काचेची धार बोटानं चाचपून बघणं, माणसं आवाजावरून ओळखणं… सगळं एकदम माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"मामा… तुला दिसत नाही?"

त्यानं दुसऱ्या हातातली काच फडक्यावर अगदी जपून ठेवली.

"मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत." त्याचा आवाज बारीक झाला होता. "चष्मेवाल्यालाच दिसत नाही म्हटल्यावर दुकानात कोण येईल गं? म्हणून म्हटलं, आधी दुकान नीट करू, मग बघू. तो एजंट म्हणाला, मी सगळं करतो, तुम्ही फक्त सह्या करा."

मी त्याला पानाचा खरा मजकूर वाचून दाखवला. शब्दन्‌शब्द, आणि प्रत्येकाचा अर्थही. मामा ऐकत राहिला. शेवटी त्यानं चाचपडत माझं डोकं जवळ ओढलं. "मी तुला लुबाडायला निघालो होतो, पोरी," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. मीही रडले. बाहेर तो मसुदेवाला उगाचच चष्म्याच्या पेट्या एकावर एक रचत उभा राहिला होता. त्यानं आत डोकावूनही बघितलं नाही. मला तो त्या क्षणी आवडला. आधीही आवडत असणार, पण कळलं तेव्हा.

शुक्रवारी एजंट आला. मसुदेवालाही आला होता, फ्रेमच्या कपाटापाशी.

"इथे मोबदला कोणताही नाही असं का लिहिलंय?" मी एजंटला विचारलं. "दुरुस्तीच्या कर्जासाठी विक्रीचा अधिकार कशाला लागतो? आणि दोन मालक मिळून दुकान तारण ठेवू शकत नाहीत, हे कोणत्या बँकेनं सांगितलं? मॅनेजरचं नाव द्या, आत्ता फोन लावते."

एजंटनं मामाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि 'साहेबांना विचारून येतो' म्हणून बॅग उचलली. ते साहेब कोण, ते आजतागायत कळलेलं नाही. तो पुन्हा आला नाही.

कपाटापाशी टाळी वाजली. एकच. मग त्या गृहस्थांनी हात खिशात घातले.

दीड महिन्यात मामाच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्याच्याच हट्टावरून आम्ही भागीदारीपत्र करायचं ठरवलं, मामा आणि मी, निम्मे निम्मे. मसुदा अर्थातच कोणी लिहिला ते सांगायला नको. त्यातला एकही शब्द मला न कळणारा नव्हता. नोंदणी कचेरीत आम्ही सह्या केल्या, अंगठे उठवले, आणि निळी बोटं पुसत बाहेरच्या पायऱ्यांवर आलो. ऊन लख्ख होतं. मामा काळा चष्मा लावून आमच्या दोन पायऱ्या खाली उभा होता.

"मला एक विचारायचं होतं," मसुदेवाला माझ्याशेजारी येत म्हणाला. "त्याचा मसुदा मी चार वेळा केला. जमत नाहीये."

"तुम्हाला? तुम्हाला जमत नाही?"

"प्रत्येक वेळी पहिल्याच वाक्यात अडतोय." त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला, पुन्हा आत ठेवला. "हे तोंडी सांगितलेलं बरं. पण तोंडी बोलण्याला साक्षीदार लागतो."

"माझ्याकडे बघू नका हो," खालून मामा ओरडला. "डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातलेत, मला काही दिसत नाही! आणि ऐकूही येत नाही!"

तो हसला आणि हसताहसताच त्याचा हात पुन्हा खिशातल्या कागदाकडे गेला. रहदारी वाहत होती, कचेरीतून कोणाचं तरी नाव पुकारलं जात होतं, आणि जगातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ ठाऊक असलेला हा माणूस माझ्यापुढे एका शब्दासाठी ताटकळत उभा होता. त्याचे कान पार लाल झाले होते.

मला राहवलं नाही.

"तू बोल ना रे," मी म्हणाले.

ते 'तू' माझ्या तोंडून कधी निसटलं, मला कळलंसुद्धा नाही. त्याला मात्र कळलं. त्यानं खिशातला हात रिकामाच बाहेर काढला आणि माझा निळ्या शाईचा हात त्यात घेतला.