पेनड्राइव्हचा निळा दिवा

दार लावा आधी. आणि मधे कोणी हसलं तर गोष्ट बंद. ही माझ्या मेहुण्याची गोष्ट, त्याच्याच तोंडून ऐकलेली. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हात चांगला, पण घाई फार. स्क्रीनवर काहीही विचारलं की न वाचता एंटर!

नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार. दुकान बंद करता करता मागच्या गल्लीतल्या काकू आल्या. हातात पेनड्राइव्ह.

"बाळ, हा मधेच लागतो, मधेच जातो. बघ ना जरा. यांचा आवाज फक्त यातच उरलाय रे. जायच्या आधी नातीसाठी गोष्टी सांगून ठेवल्यात. दर वेळी आधी मला विचारायचे, 'सुरू झालं का गं?'" काकू हसल्या आणि डोळे पुसले.

याने पेनड्राइव्ह मागच्या पोर्टला लावून पाहिला, मग दुसऱ्या कॉम्प्युटरला. निळा दिवा लागे, विझे. जोडला गेला की कॉम्प्युटर म्हणे टिंग, तुटला की टुंग. शेवटी स्क्रीनवर काहीतरी विचारणा आली. याने सवयीने एंटर मारलं. पेनड्राइव्ह पुसला गेला, आणि साहेबांना पत्ताच नाही! दिवा लुकलुकायचा थांबला, म्हणून नेहमीसारखी तपासायला गाणी त्यात गच्च भरली. उघडून बघतो तर नुसती गाणी. पुसलेलं एक वेळ परत काढता येतं, पण त्यावर दुसरं भरलं की संपलं.

त्याने स्क्रीन आपल्याकडे वळवली. गाणी गुपचूप काढून टाकली आणि म्हणाला, "काकू, हा आधीच मेला होता."

काकूंनी तो रुमालात गुंडाळला. "असू दे. तू तरी काय करणार," म्हणाल्या. हेच त्याला जास्त लागलं.

त्या रात्री त्याला घरी जाववेना. शटर ओढून आतच बसून राहिला. सव्वाबारा वाजले असतील.

टिंग.

त्याने वाकून पाहिलं. सगळे पोर्ट रिकामे.

टुंग. टिंग. त्याने स्पीकरची वायर ओढून काढली.

टिंग…

स्क्रीनवर एकच फाइल. माउसला हातही लावला नव्हता. आधी खोकला… म्हाताऱ्या माणसाचा. मग,

"सुरू झालं का गं?"

शांतता…

आणि मग याचाच आवाज. "काकू, हा आधीच मेला होता."

पुन्हा. पुन्हा…

उजाडताच तो काकूंच्या दारात उभा. लाज वाटत होती, तरी सगळं सांगितलं. मीच पुसला, मीच खोटं बोललो. काकू ऐकत होत्या. रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"कळलं रे," त्या म्हणाल्या. "यांनी रात्रीच सांगितलं."

काकूंच्या घरात कॉम्प्युटर एकच, तो बंद. पेनड्राइव्ह टेबलावर, रुमालावर ठेवलेला. कशालाच लावलेला नव्हता…

त्याचा निळा दिवा लागत होता, विझत होता.