चोविसावा कागद

ही घटना खरी आहे.

ज्यांच्या बाबतीत घडली ते सर आजही नोकरीत आहेत. त्यांना विचारलंत तर ते साफ कानावर हात ठेवतील. का, ते पुढे कळेलच.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. शनिवारची दुपार, अडीच वाजलेले. प्रयोगशाळा बंद होती आणि तळमजल्यावरच्या लांबट खोलीत सर एकटेच बसले होते.

सरांचा विषय म्हणजे कार्बनच्या धाग्यांचे हलके पण चिवट पत्रे. रेझीन नावाच्या चिकट द्रवात भिजवलेल्या कापडाचे थर एकावर एक रचायचे आणि भट्टीत भाजायचे. प्रत्येक थराला पातळ निळा प्लास्टिकचा कागद चिकटलेला असतो. तो सोलायचा, मगच पुढचा थर. एक जरी कागद आत राहिला तर पत्रा तिथे आतून सुटतो. वरून मात्र चकचकीत दिसतो.

म्हणून तिथल्या जुन्या तंत्रज्ञांनी एक शिस्त घालून दिली होती. त्यांना सगळे मामा म्हणत. सोललेला प्रत्येक कागद भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा आणि शेवटी मोजायचे. जितके थर, तितके कागद.

भाजलेला पत्रा मामा छोट्या पितळी हातोडीने ठोकून बघत. चांगला असेल तर टण्ण वाजतो. आतून सुटलेला असेल तर...

थप.

"पत्रा खोटं बोलत नाही रे धांदरटा," मामा म्हणायचे. धांदरट म्हणजे आपले सर. तेव्हा ते विद्यार्थी होते.

आता लाजेची गोष्ट.

बावीस वर्षांपूर्वी एका दिवशी मामांना बायकोला घेऊन दवाखान्यात जायचं होतं. जाताना ते कागद मोजल्याच्या वहीत विश्वासाने आधीच सही करून गेले. चोवीस थर सरांनी एकट्याने रचले. कागद मोजले.

तेवीस.

पुन्हा मोजले. तेवीसच.

सगळं उलगडून बघायचं तर भट्टीची पाळी हातची जाणार होती. सरांनी कचऱ्याच्या डब्यातून एक जुना, कोपरा फाटलेला कागद उचलला आणि खिळ्याला अडकवला. झाले चोवीस.

मामा दोन दिवस दवाखान्यातच अडकले. पत्रा न ठोकताच चाचणीला गेला आणि पाहुण्यांसमोर उभा फाटला. आत निळा कागद होता.

चौकशीत वही निघाली, वहीतली सही निघाली. मामांनी एकदाच सरांकडे पाहिलं. सर मूग गिळून बसले.

"माझ्याकडून राहिला असेल," मामा म्हणाले.

त्यांची नोकरी गेली. हातोडी त्यांची स्वतःची होती, ती घेऊन ते गेले. सरांना पदवी मिळाली, पुढे खुर्चीही मिळाली. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण दर वर्षी नव्या मुलांना ते 'मामांचा कागद' हा किस्सा रंगवून सांगायचे. वर्ग खो खो हसायचा.

त्या शुक्रवारीही हसला. एक मुलगी सोडून.

तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. "सर, ते माझ्या आईचे वडील. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. आजोबा खरंच विसरले होते का?"

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंडातून निघालं, "वहीत सही आहे ना त्यांची."

"हो," ती म्हणाली. "आई म्हणते, ते शेवटपर्यंत त्यावर कधी बोललेच नाहीत."

म्हणून शनिवारी सर कागद-पेन घेऊन बसले होते. खरं काय ते लिहायचं आणि तिच्या हातात द्यायचं. "त्या दिवशी मी" एवढं लिहून झालं.

पेन पुढे सरकेना. शेवटी त्यांनी ते खाली ठेवलं.

आणि मागच्या कोठीतून...

टण्ण.

सर दचकले. कोठीला कुलूप होतं. किल्ली त्यांच्याच खिशात होती.

टण्ण... आता लोखंडी कपाटावर.

टण्ण... भट्टीच्या दारावर.

कुणीतरी सावकाश, एकेक वस्तू तपासत येत होतं. दिसत कुणीच नव्हतं. टेबल झालं. खुर्चीचा पाय झाला. मग पंख्याची घरघर थांबली. घड्याळाची टिकटिकही ऐकू येईना.

आणि सरांच्या पाठीवर काहीतरी गार, नखाएवढं, हलकेच टेकलं...

थप.

बोटभर डावीकडे. थप.

बोटभर खाली. थप.

मामा असंच करायचे. सुटलेली जागा कुठे संपते ते चहूबाजूंनी ठोकून शोधायचे. पण सरांच्या पाठीवर ती जागा संपतच नव्हती.

ते उठून पळाले. लिहिलेला कागद त्यांनी रस्त्यात फाडून टाकला.

सोमवारी मुलांनी पहिला पत्रा रचला. कागद मोजायचं काम त्या मुलीकडे होतं. तिने दोनदा मोजले.

"सर, थर चोवीस आहेत. कागद पंचवीस कसे?"

शेवटचा कागद विटलेला होता. त्याचा कोपरा फाटलेला होता...

सरांनी तो लगेच ओळखला. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक.

"राहिला असेल कुणाचा तरी," सर म्हणाले.

तिने वहीत तसंच लिहून घेतलं. तेवढ्यात...

थप.

तिचं पेन थांबलं. तिने सगळ्यांच्या हातांकडे पाहिलं. कुणाच्याच हातात काही नव्हतं. मग तिने सरांकडे पाहिलं.

"हा आवाज मला ओळखता येतो, सर," ती हळूच म्हणाली. "आजोबांनी शिकवलाय."

सरांची मान खाली गेली ती वर आलीच नाही.

तो कागद अजून खिळ्याला आहे. त्याला कुणी हात लावत नाही. मुलगी रोज पहिल्या बाकावर बसते आणि काही विचारत नाही. सर आता तो किस्सा सांगत नाहीत.

खरं काय तेही सांगत नाहीत.